सायकलचा दिवा: बॉक्सवर दीड तास, बापदेवला पन्नास मिनिटं

गिअरपडला | रविवार, सकाळी 10:12

मंडळी, काल संध्याकाळची गोष्ट. सासवडहून बापदेव घाटातून पुण्याला परत येत होतो. चहा झाला, अंधार पडला, दिवा लावला आणि निघालो. हिवरे, चांबळी, बोपगाव, सगळीकडे फुल्ल ब्राइटनेसवर. दिवा 800 ल्युमेनचा आहे (ल्युमेन म्हणजे दिव्यातून निघणाऱ्या एकूण उजेडाचं माप) आणि बॉक्सवर छापलंय की फुल्लवर दीड तास चालतो. म्हटलं तासाभरात घरी पोचतोय, काटकसर कशाला!

घाटमाथ्याच्या जरा अलीकडे बटणातला हिरवा ठिपका लाल झाला. दोन-तीन मिनिटांत उजेड एकदम निम्म्यावर आला, मग अगदी काजव्यासारखा, आणि मग ठार. घड्याळ बघितलं तर लावल्यापासून 50 मिनिटं. माथ्यावरून पुण्याचे दिवे खाली छान लुकलुकत होते, पण पुढचाक कुठे आहे ते दिसेना. मोबाईलचा टॉर्च दातांत धरायचा प्रयत्न केला, पहिल्याच वळणाला लाळेने फोन निसटला. शेवटी येवलेवाडीपर्यंत सायकल हातात धरून चालत उतरलो. मागून येणारा प्रत्येक टेम्पो हॉर्न देऊन "काय रे, पंक्चर?" विचारत होता.

दिवा दोन वर्षांचा आहे, बॅटरी आतच बसवलेली, 2600 एमएएच क्षमतेची. बॉक्स शोधून काढला. त्यावर हाय 800 ल्युमेन दीड तास, मीडियम 400 तीन तास, लो 200 सहा तास असं लिहिलंय. शिवाय फ्लॅश आहे.

प्रश्न असे: (1) बॅटरी गेली का? (2) तुम्ही रात्री कुठल्या मोडवर चालवता? (3) नवा घ्यायचा तर किती ल्युमेनचा? कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही, त्यावरून धाग्याचा काश्मीर, म्हणजे न संपणारं भांडण, नको.

टवाळ_खवीस | रविवार, सकाळी 10:31

मी पयला!

ऑनलाइन "10000 ल्युमेन, फक्त 499 रुपये" अशी जाहिरात रोज दिसते. ते घ्या. बापदेवच काय, जेजुरीचा गडसुद्धा उजळेल.

पोटेन्शिअल | रविवार, सकाळी 11:05

@टवाळ_खवीस, मोटारीच्या 55 वॅटच्या हॅलोजन बल्बमधून 1000 ते 1500 ल्युमेन निघतात. 499 रुपयांत, मुठीएवढ्या डबीत, त्याच्या सातपट उजेड म्हणजे शुद्ध साहित्य आहे ते.

@गिअरपडला, बॅटरी गेलेली नाही, म्हातारी झाली आहे. आणि बॉक्स खोटा आहे. कसा ते सांगतो.

तुमच्या बॉक्सवरचे आकडे गुणून बघा. 800 गुणिले दीड, 1200. 400 गुणिले तीन, 1200. 200 गुणिले सहा, पुन्हा 1200. इतकं सरळ गणित खऱ्या दिव्यात कधीच येत नाही. एलईडीतून करंट कमी सोडला की त्याची कार्यक्षमता वाढते, म्हणजे निम्म्या उजेडाला निम्म्याहून कमी वीज लागते. मोजून आकडे छापले असते तर लोचा गुणाकार हायपेक्षा ठळक मोठा आला असता. हे आकडे दिवा लावून कुणी बघितलेले नाहीत, कॅल्क्युलेटर घेऊन बसलेल्या माणसाने लिहिलेत.

आता बॅटरीच्या बाजूने या. एमएएच बाजूला ठेवा, वॅट-अवर, म्हणजे एकूण साठवलेली वीज, काढा. लिथियम-आयन सेलचं सरासरी व्होल्टेज 3.7 धरायचं. 2.6 गुणिले 3.7 म्हणजे 9.6 वॅट-अवर. आतलं ड्रायव्हर सर्किट त्यातले 15 टक्के तरी गरम होऊन खातं. एलईडीपर्यंत पोचले 8.2. बऱ्या एलईडीतून, भिंग-काच धरून, एका वॅटला 100 ते 120 ल्युमेन. म्हणजे एकूण शिदोरी 820 ते 980 ल्युमेन-तास. बॉक्स म्हणतो 1200. नवा असतानाही हा दिवा फुल्लवर जेमतेम एक तास चालला असणार. त्यात दोन वर्षं वापर, दर वेळी पूर्ण रिकामा करून पूर्ण चार्ज. 20 टक्के क्षमता गेली धरली तर 50 मिनिटं. तुमचं घड्याळ आणि माझं गणित जुळतंय.

मग दीड तास आला कुठून? टॉर्चसाठी एफएल-1 नावाचं एक अमेरिकन मानक आहे. त्यात रनटाईमची व्याख्या अशी: दिवा लावल्यावर 30 सेकंदांनी जेवढा उजेड असेल, त्याच्या 10 टक्क्यांवर येईपर्यंत लागलेला वेळ. म्हणजे 800चा दिवा 80 ल्युमेनवर रखडत असला तरी तो "चालू" आहे. हे मानक पाळणाऱ्या कंपन्या निदान एक नियम पाळतात. न पाळणाऱ्यांच्या आकड्यांना तर काही आधारच नाही.

गिअरपडला | रविवार, सकाळी 11:40

@पोटेन्शिअल, दंडवत. गुणाकार डोळ्यांसमोर दोन वर्षं होता, कधी लक्षातच आला नाही.

एक गंमत राहिली सांगायची. लाल ठिपका लागल्यावर मी घाबरून लोवर टाकला, तर ठिपका पुन्हा हिरवा झाला! म्हणून परत हायवर घेतला. तिथेच फसलो का?

पोटेन्शिअल | रविवार, दुपारी 12:20

तिथेच. तो ठिपका बॅटरीत किती उरलंय ते मोजत नाही, फक्त त्या क्षणाचं व्होल्टेज बघतो. सकाळी सोसायटीत सगळे नळ सुटले की वरच्या मजल्यावर धार बारीक होते, टाकीत पाणी असलं तरी. तसंच आहे. जास्त करंट ओढला की सेलच्या अंतर्गत रोधामुळे व्होल्टेज खाली बसतं, ठिपका लाल. करंट कमी केला की ते वर येतं, ठिपका हिरवा. सेल जितका जुना तितका हा झोका मोठा. लाल झाल्यावर लोवर राहिला असतात तर कोंढव्यापर्यंत उजेड पुरला असता असं मला वाटतं.

कंदील | रविवार, दुपारी 1:15

वाचतो आहे आणि गंमत वाटते आहे. आमच्या वेळी ल्युमेन नव्हते, हवालदार होता.

पुण्यात रात्री सायकलला दिवा नसला की पकडत. डबलसीट असाल तर आणखी बरं, दोन गुन्हे एकदम. माझ्याकडे आधी वडिलांचा रॉकेलचा दिवा होता, हँडलला अडकवायचा. वारा आला की विझायचा. आम्ही म्हणायचो, "साहेब, आत्ताच विझला." तो शहाणा काही बोलायचा नाही, नुसता दिव्याला हात लावून बघायचा. गार लागला की पावती.

मग डायनामो आला. मागच्या टायरला घासणारी बाटली. खटका दाबून ती टायरवर टेकवली की सायकल एकदम जड व्हायची, जणू कुणी मागून कॅरिअर धरलंय. जोरात मारलं की लखलखाट, चौकात थांबलं की मिट्ट काळोख. उतारावर जास्त जोर आला की बल्बच उडायचा. पुढचा उडाला की सगळी वीज मागच्याला, की तोही उडाला. पण एक सांगतो, बॅटरी संपली म्हणून सायकल ढकलत कधी आलो नाही. पंक्चर, चेन, दारू प्यायलेला मित्र, या कारणांनी आलो.

सकाळची_लोकल | रविवार, दुपारी 2:02

कंदीलकाका, हात लावून बघणारा हवालदार जबरदस्त!

माझा प्रश्न साधा आहे. मी ऐरोलीहून मुलुंडला पुलावरून जाते-येते, एकूण अठरा-एकोणीस किलोमीटर. रस्त्यावर दिवे असतात. पुढे फ्लॅश लावू की स्थिर? आणि मागचा लाल दिवा दर पावसाळ्यात मरतो. हा तिसरा. चार्जिंगच्या भोकावरचं रबर फुगून वर आलंय, आत हिरवट काहीतरी साचलंय. ऑफिसात रोज चार्जिंगला लावते, रोज लावल्याने बॅटरी खराब होते का?

शेवटचा_भिडू | रविवार, दुपारी 3:48

ताई, ते हिरवट म्हणजे तांब्याचा गंज. ओला दिवा चार्जिंगला लावला की पिनांवर करंट आणि पाणी एकत्र येतं आणि गंज धावत सुटतो. घामाचं आणि खाडीच्या हवेचं मीठ त्यात भर घालतं. ऑफिसला पोचलात की लगेच वायर खुपसू नका. दिवा झटका, रुमालाने टिपा, रबर उघडून तासभर टेबलावर पडू द्या, मग लावा. बसवताना भोक खाली येईल असा बसवा. आयपीएक्स हा पाणी सोसण्याचा दर्जा. आयपीएक्स-4 लिहिलेला दिवा शिंतोडे सोसतो. मुंबईच्या पावसात मागच्या चाकाचा फवारा सरळ दिव्यावर येतो, त्याला आयपीएक्स-6 बघा. आणि मडगार्ड लावा. खरा उपाय तोच, दिव्यालाही आणि पाठीलाही.

रोज चार्ज केल्याने काही होत नाही. लिथियमला थोडं वापरून थोडं भरणं आवडतं. पार शून्यावर नेणं आणि तसंच महिनाभर ठेवणं हे त्याला मारतं.

फ्लॅशचं माझं मत: दिवसा हो, रात्री नाही. दिवसा उन्हात स्थिर दिवा कुणाला दिसत नाही, लुकलुकणारा दिसतो. रात्री लुकलुकीवर समोरच्याला तुमचं अंतर कळत नाही. तुम्हालाही खड्डा एका झपकीला दिसतो, दुसऱ्या झपकीला नाही. तुमच्या उजेडाच्या रस्त्याला 100 ल्युमेन स्थिर, तेही जरा खाली झुकवून, भरपूर झालं.

मी कोल्हापूरकर, ब्रेव्हे करतो, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या 200, 300, 400, 600 किलोमीटरच्या सायकल राईड. 600ला 40 तास मिळतात. सकाळी सहाला सुटलो तर थंडीत संध्याकाळी सहाला अंधार, सकाळी सातला उजेड, म्हणजे 13 तास. दुसऱ्या दिवशी पुन्हा सहा ते दहा, चार तास. मधे दोन-अडीच तासांची झोप वजा केली तरी 14-15 तास दिवा हवा. पहिल्या 600ला मी 1000 ल्युमेनचा दिवा घेऊन मोठ्या ऐटीत गेलो होतो. रात्री दहाला तो संपला आणि उरलेली रात्र एका अनोळखी माणसाच्या मागच्या दिव्याकडे बघत काढली. त्याने एका शब्दाने तक्रार केली नाही, फक्त पहाटे चहा मला पाजायला लावला.

आता माझ्याकडे सुटा 18650 मापाचा लिथियम सेल बसणारा दिवा आहे. 200 ल्युमेनवर एक सेल पाच तास. तीन सेल, झाली रात्र. बदलायला अर्धा मिनिट, अंधारात हातमोजे घालूनसुद्धा. हाय फक्त घाट उतरताना.

टवाळ_खवीस | रविवार, दुपारी 4:10

तीन सेल कशाला, बाजारात 9900 एमएएचचा एकच मिळतो की. स्वस्तात.

शेवटचा_भिडू | रविवार, दुपारी 4:26

@टवाळ_खवीस, तुम्ही गंमत करताय पण लोक खरंच घेतात, म्हणून लिहितो. 18650 म्हणजे 18 मिलिमीटर जाड, 65 मिलिमीटर लांब. तेवढ्या डबीत चांगल्यात चांगल्या कंपन्यांची मजल साधारण 3500 एमएएच. वेष्टनावर 9900 असेल तर आत बहुधा कुणाच्या तरी जुन्या लॅपटॉपचा टाकलेला सेल असतो. वजन करून बघा, खरा 45 ते 50 ग्रॅम भरतो. असा सेल पिशवीत किल्ल्यांबरोबर टाकू नका, शॉर्ट झाला तर पेट घेतो. प्लॅस्टिकची डबी मिळते, ती घ्या. फुगलेला, चेपलेला सेल वापरायचा नाही आणि घरच्या कचऱ्यातही टाकायचा नाही, ई-कचऱ्यात द्यायचा.

राईनकाठ | रविवार, रात्री 8:33

ड्युसेलडॉर्फहून. मोबाईलवरून टंकतोय, चुभूद्याघ्या.

सगळे ल्युमेन-ल्युमेन करताय, पण उजेड पडतो कुठे त्यावर कुणी बोलेना. इथे जर्मनीत सायकलचा दिवा ल्युमेनवर पास होत नाही. 10 मीटरवर किती लक्स, म्हणजे तेवढ्या जागेवर किती दाट उजेड, पडतो ते बघतात, किमान 10 लागतो. आणि वरची कड कापलेली लागते, मोटारीच्या डिपरसारखी, म्हणजे समोरच्याच्या डोळ्यांत जात नाही. पास झालेल्या दिव्यावर नागमोडी रेघ, के आणि नंबर असतो. पुढे पांढरा, मागे लाल, दोन्ही स्थिर, लुकलुक चालत नाही. 2013पर्यंत बहुतेक सायकलींना डायनामोच सक्तीचा होता, त्यानंतर बॅटरीचे दिवे सगळ्यांना चालू लागले.

आपल्याकडे मिळणारे बहुतेक दिवे म्हणजे हँडलला बांधलेले टॉर्च. गोल झोत. निम्मा उजेड झाडांच्या शेंड्यांवर आणि समोरून येणाऱ्या माणसाच्या तोंडावर. 800मधले 400 तिथेच गेले. माझ्या सायकलला चाकाच्या मधोमध हब डायनामो आहे, 6 व्होल्ट, 3 वॅट. एवढ्याशा विजेत जो उजेड पडतो तो सगळा रस्त्यावर. थांबलो तरी आतल्या कपॅसिटरवर काही मिनिटं दिवा राहतो. कंदीलकाका, तुमच्या बाटलीचा नातूच म्हणा. फिरवताना जड लागत नाही, बल्ब उडत नाही.

मात्र महाग पडतो, आणि नवं चाक बांधून घ्यावं लागतं. पुण्यात कुणी रोज 20 किलोमीटर ऑफिसला जाणाऱ्याने यात पडू नये असं माझं मत.

बॅटरीचा एक अनुभव. जानेवारीत उणे पाच तापमानात माझा जुना दिवा निम्म्या वेळात मान टाकायचा. घरात आणून गरम झाला की पुन्हा लागायचा. वीज आत असतेच, थंडीत बाहेर निघत नाही.

कंदील | रविवार, रात्री 9:05

@राईनकाठ, नातू गुणी निघाला म्हणायचा.

झाडांच्या शेंड्यांबद्दल अगदी सहमत. आमच्या सोसायटीसमोरून पहाटे सायकलवाल्यांची टोळी जाते. दिवे इतके प्रखर की मी फिरायला निघालेला माणूस कठड्याला धरून उभा राहतो. त्यांना रस्ता दिसतो, मला त्यांच्यामुळे दिसत नाही.

सकाळची_लोकल | रविवार, रात्री 9:40

+1. पुलावर समोरून येणाऱ्याचा फ्लॅश सर्वात वाईट. डोळे मिटून दहा मीटर जावं लागतं.

अवांतर: फोनचा नवा चार्जर 65 वॅटचा आहे. दिव्याला लावला तर जळेल का? आणि उलटंही झालंय, टाइप-सीचा नवा दिवा त्या चार्जरवर चार्जच होत नाही. दुकानदार म्हणतो दिवा बरोबर आहे.

पोटेन्शिअल | रविवार, रात्री 10:18

ताई, दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकच आहे. टाइप-सीचा चार्जर आधी विचारतो, मग देतो. काही न मागणाऱ्याला 5 व्होल्टच देतो, आणि करंट दिवा स्वतः हवा तेवढाच ओढतो. जळणार नाही. पण दोन्ही टोकांना टाइप-सी असलेल्या वायरीत चार्जरला आधी "पलीकडे कुणी आहे" हे कळावं लागतं. त्यासाठी दिव्यात 5.1 किलोओहमचे दोन रेझिस्टर हवेत. दोन पैशांची वस्तू, स्वस्त दिव्यांत तीच वाचवतात. चार्जरला कुणी दिसत नाही, तो वीज सोडत नाही. जुनी, एका टोकाला मोठं चपटं यूएसबी असलेली वायर आणि साधा चार्जर वापरा, लगेच चार्ज होईल. ब्रेव्हेवाल्यांनी घरून निघण्याआधी आपली पॉवर बँक, आपली वायर, आपला दिवा हे त्रिकूट जुळवून बघावं.

आणि पॉवर बँकेवर भिस्त ठेवणाऱ्यांनी आणखी दोन गोष्टी बघाव्यात. एक, चार्जिंग चालू असताना दिवा लागतो का. काही दिवे वायर लावली की बंद होतात, काही फक्त लोवर चालतात. दोन, दिवा किती करंटने चार्ज होतो. 2600चा दिवा अर्ध्या अँपिअरने भरायला पाच-सहा तास घेतो. एक अँपिअर घेणारा असेल तर ढाब्यावर अर्ध्या तासात 500 एमएएच जातात, त्यावर 200 ल्युमेनने सुमारे 50-55 मिनिटं. मिसळ येऊन संपेपर्यंत एका घाटाची सोय.

गिअरपडला | सोमवार, सकाळी 9:20

वाचनखूण साठवली, स्वतःच्याच धाग्याची!

म्हणजे 800 घेऊन मूर्खपणा केला का? 200वर घाट उतरायचा तर भीती वाटते हो.

शेवटचा_भिडू | सोमवार, सकाळी 10:55

मूर्खपणा घेण्यात नाही, चढावर लावण्यात आहे. चढावर तुमचा वेग नऊ-दहा. समोर तीन मीटर दिसलं तरी पुरतं. तिथे 800 ल्युमेन म्हणजे जेवायला दोघं आणि स्वयंपाक लग्नाचा. शिवाय त्या वेगात दिव्याला वारा लागत नाही, तो तापतो, आणि बरेच दिवे तापले की आपणहून उजेड कमी करतात.

सपाट रस्त्यावर 22-25च्या वेगाने तुम्ही सेकंदाला सहा-सात मीटर जाता. दिसायला, कळायला आणि ब्रेक लागायला मिळून 15-20 मीटर लागतात. 200 पुरतात. उतारावर 45चा वेग म्हणजे सेकंदाला साडेबारा मीटर, तिथे 40 मीटर पुढचं दिसायलाच हवं, तिथे 800 वसूल. बापदेवचा उतार किती मिनिटांचा? दहा. तेवढ्यासाठी बॅटरी राखायची.

आणखी एक. 400वरून 800वर गेल्याने डोळ्याला दुप्पट दिसत नाही. डोळा प्रमाणात मोजतो, चौपट केला तर कुठे ठसठशीत फरक जाणवतो. उलट, अंधाराला डोळे नीट सरावायला वीस मिनिटं ते अर्धा तास लागतो. हायवर राहिलात तर ते सरावतच नाहीत, आणि मग लोवर टाकला की आंधळं झाल्यासारखं वाटतं. सुरुवातीपासून लोवर राहा, तेच 200 हळूहळू मोठे वाटू लागतात. मला पहिल्या वर्षी हे कुणी सांगितलं असतं तर तो पहाटेचा चहा वाचला असता.

मागच्या दिव्याचं कुणी विचारलं नाही म्हणून: दोन लावा, एक सीटखाली, एक हेल्मेटला किंवा पाठीच्या पिशवीला. रात्री 20-30 ल्युमेनचा स्थिर लाल पुष्कळ. पुढचा गेला की तुम्हाला कळतं. मागचा गेला की फक्त ट्रकवाल्याला कळतं. साताऱ्याहून पुण्याकडे जाताना खंबाटकीच्या बोगद्याआधी मी नेहमी थांबून मागे हात धरून बघतो, हातावर लाल पडतंय ना. टोळीत चालवताना फ्लॅश फक्त शेवटच्याने लावावा, नाहीतर मागच्याची डोकेदुखी. पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस या लांब पल्ल्याच्या ब्रेव्हेला तर लुकलुकणारे दिवे चालतच नाहीत.

टवाळ_खवीस | सोमवार, सकाळी 11:02

"जेवायला दोघं आणि स्वयंपाक लग्नाचा" ही ओळ चोरली आहे, कळावे.

पोटेन्शिअल | सोमवार, दुपारी 1:30

@गिअरपडला, नवा घेण्याआधी जुना मोजा. अंधारी खोली, दिवा छताकडे तोंड करून, फोन शेजारी उताणा ठेवायचा आणि त्यातल्या लक्स मोजणाऱ्या ॲपचा आकडा दर दहा मिनिटांनी कागदावर लिहायचा. ॲप अचूक नसतं, पण आपल्याला पहिल्या आकड्याच्या किती टक्के उरलं एवढंच हवंय. एकदा नुसता, एकदा टेबल फॅन लावून. तिन्ही मोड.

गिअरपडला | शुक्रवार, रात्री 11:15

चार रात्री हेच केलं. बायकोने दार उघडून विचारलं, "दिव्याला उकडतंय का?"

फॅनशिवाय हाय: आठव्या मिनिटाला 60 टक्क्यांवर. दिवा हातात धरवेना. म्हणजे "घरी लावून बघितला, चांगला चालला" म्हणणाऱ्याला 800 दिसतच नाहीत. फॅन लावून हाय: 45 मिनिटं जवळजवळ सपाट, 48व्या मिनिटाला धाडकन निम्म्यावर. मीडियम: एक तास 50 मिनिटं. लो: चार तास पाच मिनिटं. लाल ठिपका हायवर 41व्या मिनिटाला आला, म्हणजे सात मिनिटांची नोटीस. लोवर मात्र तो आल्यानंतर 35 मिनिटं मिळाली. फ्लॅश मोजला नाही, तोपर्यंत घरात वातावरण तापलं होतं.

@पोटेन्शिअल, गुणाकार केला. हायचा 640, मीडियमचा 733, लोचा 817. तुम्ही म्हणालात तसाच वाढत गेला.

कागदाची पट्टी करून हँडलच्या नळीवर चिकटवली आहे: 48 / 1:50 / 4:05.

पोटेन्शिअल | शुक्रवार, रात्री 11:32

हे आकडे बॉक्सवर छापायला पाठवा. ल्युमेन मात्र कंपनीचेच धरलेत, खरे 800 आहेत की 650 ते छतावरून कळत नाही. पण वेळ तुमची स्वतःची आहे, ती खरी.

दिवा पावसाळ्यात महिना-दोन महिने वापरणार नसाल तर अर्धा चार्ज करून ठेवा. पूर्ण भरूनही नको, रिकामाही नको. बंद दिवासुद्धा आतल्या सर्किटला थोडी-थोडी वीज पाजत असतो, रिकामा ठेवलेला सेल त्यात पार खाली जातो आणि मग चार्जर त्याला ओळखही देत नाही.

सकाळची_लोकल | शनिवार, सकाळी 8:10

जुन्या वायरवर चार्ज झाला!!! दुकानदाराशी उगाच भांडले. मडगार्ड पण लावलं, सहकारी म्हणतात आता पाठीवर चिखलाची रांगोळी दिसत नाही.

गिअरपडला | रविवार, सकाळी 9:30

काल पुन्हा सासवड. तोच चहा, तीच वेळ, तोच दिवा. झोत खाली झुकवला, सुरुवातीपासून लो. बोपगावपर्यंत दहा मिनिटं चुकल्यासारखं वाटत होतं, मग रस्त्याची कड, खडी, एक कुत्रं, सगळं दिसायला लागलं. समोरून येणाऱ्या दुचाकीवाल्याने आपला डिपर मारला नाही, हे पहिल्यांदा घडलं. माथ्यावर थांबून पाणी प्यायलो, हाय केला, उतरलो. येवलेवाडीला पुन्हा लो. घरी पोचलो तेव्हा ठिपका हिरवा होता.

कंदीलकाका, तुमच्या हवालदाराने हात लावून बघितला असता तर कोमट लागला असता.

कंदील | रविवार, सकाळी 9:52

कोमटला पावती नव्हती. जाऊ द्यायचा.